काचपेटीतील वहिवाट

ज्या गावच्या माणसाला पाणी म्हटले की पूर्णा नदी, सिद्धेश्वरच्या धरणातून येणारा कालवा आणि वैशाखात आटणारी विंधनविहीर एवढेच आठवावे, त्या आमच्या वसमत गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, एका निवृत्त विज्ञानशिक्षकाने आपल्या माजघराच्या भिंतीशी चार फूट लांबीची काचेची पेटी मांडून तीत समुद्र नांदवावा, हे माझे वडील मावसबंधू नाना यांना पहिल्या दिवसापासून पटलेले नव्हते. तरीही गेली दोन वर्षे रोज दिवेलागणीला ते येतात, पेटीसमोरच्या आरामखुर्चीत बसतात आणि चहा निवेपर्यंत तिच्याकडे पाहत राहतात. नानांची सारी उमेद महसूल खात्यात गेली. वसमत परभणी जिल्ह्यात होते तेव्हापासून, म्हणजे १९९९ च्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा वेगळा होण्याच्या पुष्कळ आधीपासून, त्यांनी तहसिलीत जमिनींची दप्तरे सांभाळली, आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावरही जगातल्या कोणत्याही तंट्याकडे ते प्रथम कब्जा कोणाचा आणि कधीपासूनचा याच दृष्टीने पाहतात. माझ्या पेटीतला तंटा त्यांनी याच दृष्टीने पाहिला, आणि त्यामुळेच आम्हा दोघांत तो आठवडाभर चाललेला वाद झाला.

तंट्याचे मूळ मीच घातले होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय, जे १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले, ते मी लहानपणी वडिलांचा हात धरून पाहिले होते, आणि त्या हिरव्या अंधारातल्या माशांची ओढ मनातून कधी गेली नाही. पण तेथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता, आणि माझ्या घरी तो वजन करून घडवावा लागतो. शुद्ध केलेल्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार या हिशेबाने माझ्या ३०० लिटरांच्या पेटीला साडेदहा किलो क्षार लागले. पेटी नवी असताना, माशांच्या मलमूत्रातून उठणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे सूक्ष्म जिवाणू दगडांत आणि वाळूत वस्ती करीपर्यंतच्या चार-सहा आठवड्यांत एखादा चिवट मासा आत सोडावा, तो सहसा मरत नाही, असा सल्ला मला मिळाला आणि मी तो विचार न करता मानला. तो चिवट मासा म्हणजे डोमिनो. रुपयाच्या नाण्याएवढा, काळाभोर, दोन कुशींवर एकेक आणि कपाळावर एक असे तीन पांढरे ठिपके असलेला. दोन वर्षांत तो अर्ध्या तळहाताएवढा झाला, ठिपके फिकट होत गेले, आणि मध्यभागीचा सर्वांत मोठा दगड त्याने असा ताब्यात घेतला की मागाहून आणलेल्या क्लाऊनफिशच्या जोडीला काचेच्या एका कोपऱ्यात, पाणी ओढणाऱ्या नळीच्या मागे, दिवस काढावे लागू लागले. त्या फाल्गुनात एके दिवशी पाहतो तो जोडीतल्या लहान माशाच्या शेपटीचा अर्धा पर गेलेला, आणि अन्न टाकले असतानाही तो नळी सोडून पुढे येईना.

"आज रात्री सगळे दगड बाहेर काढतो आणि त्याला धरतो," असे मी त्या संध्याकाळी नानांना म्हटले.

"म्हणजे एका कुळाला बेदखल करायचे म्हणून तू अख्खे गाव उठवणार," नाना म्हणाले. "आणि बेदखल तरी कोणत्या कारणाने? तो तुझ्या पेटीत पहिला आला. पाणी विषारी होते तेव्हा तो त्यात राहिला, म्हणून पुढच्यांना ते राहण्याजोगे झाले. पडीक जमीन ज्याने कसून वहितीला आणली त्याचा कब्जा मागाहून आलेल्यांच्या सोयीसाठी काढून घ्यायचा, तर आधी त्याची कैफियत ऐकली पाहिजे."

"नाना, वहिवाट जागेवर असते, दुसऱ्याच्या शेपटीवर नसते. तो आपल्या दगडापाशी राहता तर मी त्याला आयुष्यभर राहू दिले असते. तो चार फूट लांब पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मारतो."

"कारण त्याच्या दृष्टीने हद्द तेवढीच आहे. तुझा तो नारिंगी मासा समुद्रात कोठे राहतो?"

मी सांगितले की क्लाऊनफिश समुद्रफुलाच्या म्हणजे ॲनिमोनच्या आश्रयाने राहतो, आणि सांगता सांगता मला स्वतःलाच ते जाणवले जे मी दोन वर्षे पुस्तकात वाचूनही मनात धरले नव्हते. डोमिनोची पिल्लेही हिंदी महासागरात लहानपणी त्याच समुद्रफुलांत, त्याच क्लाऊनफिशच्या शेजारी वाढतात. दोघांचा दावा निसर्गतःच एका भूमीवर आहे. नानांनी हे ऐकल्यावर खुर्चीतून पुढे वाकून पेटीकडे पाहिले, आणि एखादा जुना फेरफार हाती लागावा तसा त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मग यात दुष्टपणाचा प्रश्नच उरत नाही," ते म्हणाले. "एकाच जमिनीवर दोन दावे, आणि जमीन नावालाही नाही, कारण ते फूल तुझ्या पेटीत तू ठेवलेलेच नाहीस. समुद्रात हरलेला पक्ष काय करतो?"

"पळतो. तेथे पळायला जागा असते."

"आणि येथे नसते. म्हणून अपराध माशाचा नाही, पेटीच्या लांबीचा आहे. आणि पेटी तुझी आहे."

हे म्हणणे मी मान्य केले, आजही करतो. परंतु अपराध माझा ठरला म्हणून त्याचा भार त्या अर्ध्या शेपटीच्या माशाने का वाहावा, हा माझा प्रश्न होता, आणि नानांसारख्या न्यायबुद्धीच्या माणसाने तो इतक्या सहज ओलांडावा याचे मला त्या क्षणी वाईट वाटले. मी त्यांना म्हटले की दप्तरात दावा वर्षानुवर्षे पडून राहिला तर कागद पिवळा पडतो एवढेच, पण येथे विलंबाचा प्रत्येक दिवस एका जिवाच्या अंगावरून जातो. ज्याने अन्न घेणे सोडले असा एवढासा मासा फार दिवस तग धरीत नाही. न्याय सावकाश करावा असे म्हणणे नेहमी बलवंताच्या पथ्यावर पडते.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "दगड काढल्यास नेमके काय होते?"

याचे उत्तर मला खरे द्यावे लागले. ते दगड समुद्रातले नाहीत. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि मेलेले प्रवाळही घरात ठेवण्याची कोणास मुभा नाही, म्हणून मी सिमेंटचे सच्छिद्र दगड वापरले आहेत. पण दोन वर्षांत त्यांच्या प्रत्येक छिद्रात जिवाणूंची वस्ती झाली आहे आणि पेटीचे पाणी निर्मळ राहते ते तिच्यामुळे. दगड उपसले की वाळू ढवळते, तिच्या खालच्या थरात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, साचलेला गाळ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वर येतो, अमोनिया चढतो, आणि ज्याला वाचवण्यासाठी हा खटाटोप तो अशक्त मासाच बहुधा सर्वांत आधी बळी पडतो. पाणी बादल्यांत उपसून चार बोटे पातळीवर आणावे आणि मग धरावे, असाही एक मार्ग आहे, व तो पुष्कळ लोक वापरतात. पण माझ्या घरी त्यासाठी पंधरा-वीस बादल्या, दोन माणसे आणि मध्येच वीज न जाण्याची हमी हवी होती, आणि फाल्गुनातल्या भारनियमनात ती हमी कोणी देत नाही.

"आणि जाळे?"

"जाळे टाकून पाहिले." ती हकिगत मी त्यांना सांगितली. डोमिनो जाळीला ओळखतो. पाण्यात तिची दांडी शिरण्याआधी, माझा हात झाकणाकडे गेला की तो दगडाच्या मागच्या कपारीत जातो, आणि तेथून अंग तिरपे करून बाहेर पाहतो. शिवाय जाळे लागलेच तर या जातीच्या माशांचे पाठीवरचे काटे आणि कल्ल्यांच्या कडा जाळीत अडकतात, आणि सोडवताना पर फाटतात. रात्री अंधारात तो झोपलेला असताना विजेरी लावून ती कपार असलेला दगडच अलगद उचलावा, असेही मी केले होते. दगड दोन बोटे हलताच तो बाहेर पडून अंधारात नाहीसा झाला. अणकुचीदार उलटे टोक घासून काढलेला बारीक गळ वापरणारे लोकही आहेत, असे मी म्हणालो, तेव्हा नाना खुर्चीत ताठ झाले.

"गळ नको. गळ ही शिक्षा आहे. त्याला हलवायचे आहे, शिक्षा करायची नाही."

त्या एका वाक्याने वादाचा रोख बदलला, कारण त्यात त्याला हलवायचे आहे ही कबुली आली होती. नाना मग आपल्या लहानपणची गोष्ट सांगू लागले. पावसाळा सरता सरता पूर्णेच्या पात्रात, जेथे दोन खडकांमधून पाणी अरुंद होऊन पडते तेथे, भोई लोक बांबूच्या कामट्यांचा विणलेला सापळा लावून ठेवीत. त्याचे तोंड रुंद, आत घशासारखे निमुळते होत जाणारे. मासा आत सहज जाई, आणि परतताना त्याला ते लहान तोंड सापडत नसे. "माशामागे धावताना मी त्या लोकांना कधी पाहिले नाही," नाना म्हणाले. "मासा ज्या वाटेने आपण होऊन जातो तीच वाट ते तुरुंगाला जोडून देत. तुझ्याजवळ वाट कोणती आहे? अन्नाची. ती जोड."

वास्तविक अशा सापळ्याचा प्रकार मला ठाऊक होता. पारदर्शक प्लास्टिकची पेटी, वर सरकणारे दार, दाराला तंगूस, आणि आत कोळंबीचा तुकडा. हे साधन हाती असूनही मी ते वापरले नव्हते, कारण त्याला दिवस लागतात. सापळा उघडा ठेवून तीन-चार दिवस अन्न फक्त त्याच्याच आत द्यायचे, तो निर्धास्त होऊन आत-बाहेर करू लागेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. तेवढे दिवस माझ्या अशक्त माशाने काय करायचे?

"त्याला वेगळा ठेव," नाना म्हणाले. "भोके पाडलेल्या डब्यात, पेटीच्याच आत. पाणी तेच, पण मार पोहोचणार नाही."

"म्हणजे ज्याने मार खाल्ला तो कोठडीत, आणि ज्याने मारले तो मोकळा!"

मी हे मोठ्याने बोललो असलो पाहिजे, कारण आतून सौभाग्यवती दारापर्यंत आल्या. मला आजही वाटते की त्या सूचनेत काहीतरी फार अन्याय्य आहे, आणि घराघरांत, शाळांत, मी शिकवीत होतो त्या वर्गांतसुद्धा, हाच अन्याय आपण सोय म्हणून किती वेळा करतो. त्रास देणारे मूल जागच्या जागी राहते आणि रडणाऱ्या मुलाचा बाक बदलतो. मी स्वतः असे बाक बदलले आहेत. नानांना मी हे सांगितले.

"खरे आहे," ते म्हणाले. "पण ज्याला धरता येते त्यालाच तू आज हलवू शकतोस. त्याला तू कोठडी म्हण, मी त्याला पंचनामा होईपर्यंतचा बंदोबस्त म्हणतो. फरक एवढाच ठेव की मुदत घाल. मुदतीवाचून जो बंदोबस्त राहतो तो खरा अन्याय."

मुदत सात दिवसांची ठरली. अशक्त माशाला नळीमागून काढणे अवघड गेले नाही. त्याच्यात पळण्याचे बळच नव्हते, तो डब्यात आपण होऊन शिरल्यासारखा आला, आणि त्याच्या जोडीदाराला मी त्याच्याबरोबर ठेवले. डब्यात मी चिमटीने कोळंबीचा कीस सोडला. पहिल्या दिवशी त्याने पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी जोडीदाराने खाल्ल्यावर एक कण घेतला.

सापळा मी मधल्या दगडापासून वीतभर अंतरावर वाळूवर टेकवला, तंगूस पेटीच्या कडेवरून घेऊन नानांच्या खुर्चीच्या हातापर्यंत आणली, आणि नानांचे म्हणणे असे पडले की रोज संध्याकाळी कोणी तरी ती हातात धरून बसावे, पण सोडू नये. कारण माशाला सापळ्याची सवय व्हायची तशी माणसाचीही व्हायला हवी. पहिल्या दिवशी आत शिरला तो एक गरीब गोबी मासा, नंतर साफसफाई करणारी कोळंबी, आणि डोमिनो बाहेर तरंगत त्या दोघांना खाताना पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने दारात तोंड घालून तुकडा ओढून नेला. तिसऱ्या दिवशी तो अर्धा आत गेला, आणि माझा संयम सुटला. मी तंगूस सोडली. दार पडले ते त्याच्या शेपटीच्या मागे पाण्यावर. तो दार पडण्याआधीच उलटला होता, आणि पुढचे दोन दिवस सापळ्याच्या जवळपास फिरकला नाही. सात दिवसांतले दोन मी माझ्या घाईने घालवले. नाना काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला अधिक लागले.

त्या रिकाम्या दोन दिवसांत आम्ही धरल्यानंतरच्या प्रश्नावर बोललो. नानांना वाटत होते की त्याला सोडून द्यावे. मुंबईला जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवावा आणि समुद्रात सोडावा, मूळचा तो तिथलाच. मी म्हटले, पूर्णेत सोडला तर तो तासाभरात मरेल, कारण समुद्राचा मासा खारे पाणी पिऊन क्षार बाहेर टाकण्यासाठी घडलेला असतो आणि गोड्या पाण्यात त्याच्या शरीरात पाणीच पाणी भरत जाते. आणि समुद्रात सोडला तरी कोठल्या पेटीतले कोणते रोग तो बरोबर नेईल हे कोणी सांगावे? अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९८५ साली आपल्याकडच्या महासागरांतला सिंहमासा पहिल्यांदा आढळला, तो बहुधा अशाच कोणाच्या पेटीतून सुटलेला, आणि आज सारा कॅरिबियन समुद्र त्याने भरला आहे. दूर कशाला, आपल्या धरणांत जी चिलापी सापडते ती १९५२ साली भारतात आणलेल्या परक्या माशाची संतती. नानांना चिलापीची माहिती होती. सिद्धेश्वरच्या जाळ्यांत देशी माशांऐवजी तीच अधिक येते अशी भोयांची तक्रार त्यांनी अनेकदा ऐकली होती. सोडून देण्याचा आग्रह त्यांनी मागे घेतला, पण एक अट घातली. जेथे जाईल तेथे त्याला पूर्वीच्यापेक्षा कमी जागा मिळू नये. नांदेडला, चाळीसएक किलोमीटरवर, एका दुकानदाराकडे सहा फुटांची मोठी पेटी होती आणि तीत याच्या तोलाचे मासे होते. त्याने घेण्याचे कबूल केले, तेव्हा ती अट पुरी झाली.

सहाव्या दिवशी मी सकाळी अन्न दिले नाही. संध्याकाळी नाना आले ते गच्चीवर वाळत घातलेली उकडलेली हळद चाळून आलेले, कोपरापर्यंत पिवळे. मी त्यांना साबणाशिवाय तीन वेळा हात धुवायला लावले, कारण पाण्यात काहीही उतरले तर ते माझ्या माशांच्या अंगाला लागते. मग ते खुर्चीत बसले आणि तंगूस त्यांनी बोटाला गुंडाळली. डोमिनो आला. आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला आणि बाहेर आला. मी दोनदा नानांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. तिसऱ्यांदा तो आत गेला, तुकडा तळाशी बसला होता तो उचलायला त्याने तोंड खाली केले, आणि त्याची शेपटी दाराकडे न राहता वर झाली, तेव्हा नानांनी बोट सरळ केले.

दार पडले. डोमिनो वळला, दाराला एकदा तोंड लावले, आणि सापळ्याच्या मध्यभागी स्थिर झाला. सापळा पाण्यासकट उचलून मी तो बादलीत उतरवला. जाळे त्याच्या अंगाला लागले नाही, एक पर फाटला नाही. एवढ्या जवळून मी त्याला दोन वर्षांत प्रथमच पाहिले. जो मी काळा समजत होतो तो काळा नव्हता. खवल्यांच्या कडांवर निळसर झाक होती, डोळ्याभोवती बारीक कडे होते, आणि कपाळावरचा तो पांढरा ठिपका, ज्याच्यावरून मी त्याला पहिल्या दिवशी निवडले होते, आता जेमतेम दिसत होता. बादलीच्या कडेला कान लावला तर आतून मंद टकटक ऐकू येत होती. या जातीचे मासे असा आवाज करतात हे मी वाचले होते, ऐकले नव्हते. नानांनीही कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"मला कळत नाही," नाना म्हणाले. "पण म्हणतो आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी त्याला झाकणाच्या बादलीत, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून, नांदेडला नेला. नाना बरोबर आले. मोठ्या पेटीत सोडल्यावर तो तळाशी जाऊन एका दगडाच्या कडेला थांबला, तेथल्या एका मोठ्या माशाने त्याला हुसकले, आणि तो दुसऱ्या दगडाकडे गेला. नाना काचेसमोर उभे राहून ते सगळे पाहत होते आणि शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत तेथून हलले नाहीत.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. मुदतीचा सातवा दिवस संपायला तीन तास होते. मी डब्याचे दार काढून ठेवले. जोडीदार लगेच बाहेर आला, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, मधल्या दगडाच्या त्या रिकाम्या कपारीत तोंड घालून परत आला. लहान मासा डब्यातच राहिला, उघड्या दारापासून दोन बोटे आत, अर्ध्या शेपटीने पाणी ढकलीत. मी कोळंबीचा कीस डब्याच्या दारात सोडला, दुसऱ्या दिवशी दारापासून वीतभर पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. नाना रोज येऊन विचारीत, "निघाला का?" आणि मी सांगत असे, "अजून नाही." पाचव्या दिवशी संध्याकाळी ते आले तेव्हा डबा रिकामा होता, आणि तो शोधायला आम्हा दोघांनाही काचेशी नाक लावावे लागले, तो पुन्हा त्या नळीच्या मागे होता, पण या वेळी त्याचे तोंड बाहेरच्या बाजूला होते.